फळे उजळले, मुले अंधारात!

शाळेत नवा डिजिटल फळा आला की नारळ फुटतो, फीत कापली जाते, संस्थाचालकांचे छायाचित्र वृत्तपत्रात झळकते. पालकही सुखावतात. त्या फळ्यासमोर बसलेल्या मुलाला काल न समजलेली वजाबाकी आज समजली काय, हा साधा प्रश्न मात्र त्या समारंभात कोणालाच पडत नाही.

वस्तुस्थिती कठोर आहे. 'असर'च्या ग्रामीण पाहणीनुसार, दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ साली देशात २७.३ टक्के होती; २०२४ साली ती २७.१ टक्के होती. कोरोनाच्या आपत्तीतून शाळा सावरल्या, हे खरे. पण सावरून पोहोचल्या कोठे? जेथे आधी होत्या तेथेच!

मग अध्यापन परिणामकारक होते तरी कशाने? ५२ मधून ३८ वजा करताना एखादे मूल २६ हे उत्तर लिहिते. लाल फुली मारून पुढे जाणारा शिक्षक अभ्यासक्रम 'पूर्ण' करतो. 'हे कसे केलेस, बाळ?' असे विचारणाऱ्या शिक्षकाला मात्र उलगडा होतो की, मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, हा नियम मुलाने एकक आणि दशक या दोन्ही घरांत निष्ठेने पाळला आहे. दोष आळसाचा नाही, समजुतीचा आहे. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे हाती देऊन त्यातला एक सोडायला लावला की कोडे सुटू लागते. 'समजले का?' या प्रश्नाला वर्गाने एका सुरात दिलेला होकार हा आकलनाचा पुरावा नव्हे!

मूल जेथे आहे तेथून प्रारंभ करण्याची ही दृष्टी या भूमीला अपरिचित नाही. गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर उभारले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी-कोसबाड परिसरात माँटेसरीचे विचार स्थानिक, बिनखर्चाच्या साधनांतून साकार केले. मुले शाळेत येईनात, तेव्हा बालवाडी पाड्यावरच्या अंगणात गेली. गुराख्यांसाठी कुरणशाळा भरली. तेथे कोणते यंत्र होते?

आज मात्र शिक्षकाला मुलाजवळ बसायलाच उसंत नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका वगळता अशैक्षणिक कामांना मज्जाव केला. तरीही माहितीचे तक्ते, अहवाल आणि छायाचित्रे यांचा ससेमिरा सुटलेला नाही. शिकवण्यापेक्षा शिकवल्याचे पुरावे जमवण्यात दिवस सरतो. पण दोष केवळ शासनाचा कसा? भरमसाट शुल्क मोजून पाल्याला ६० मुलांच्या वर्गात बसवणारा आणि गुणपत्रिकेपलीकडे काही न विचारणारा सुशिक्षित मध्यमवर्ग यातून नामानिराळा राहू शकत नाही.

गुरुपौर्णिमेला गुरुपूजन करायचे आणि उरलेले वर्षभर त्याच गुरूला कारकून बनवायचे, हा दांभिकपणा थांबला पाहिजे. पुढील पालकसभेत नव्या फळ्याची चौकशी नको. 'आमचे मूल नेमके कोठे अडते आणि का?' एवढेच विचारावे. ज्या शिक्षकाला याचे उत्तर देता येईल, त्याच्या पाठीशी समाजाने खंबीरपणे उभे राहावे. आणि ते उत्तर शोधायला ज्याला सवडच दिली जात नाही, त्याच्यासाठी व्यवस्थेला जाब विचारावा!