दुरुस्तीचा रकाना कुठे आहे?

न्यू जर्सीतल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये एका शनिवारी वॉशिंग मशीनचा होज फुटला. नळ बंद करेपर्यंत घोटाभर पाणी साचलं, कार्पेटचा एक कोपरा गेला, ड्रायवॉल खालून फुगलं. मी विमा कंपनीला फोन केला आणि एवढंच विचारलं, की हे आमच्या पॉलिसीत बसतं का? बसतं, पण तुमचं डिडक्टिबल हजार डॉलर आहे, असं उत्तर आलं. दुरुस्तीचा अंदाज बाराशेच्या आसपास होता. दोनशे डॉलरसाठी क्लेम कशाला करायचा, म्हणून पदरचे पैसे घातले, दोन्ही होज बदलून स्टीलच्या वेष्टनाचे लावले आणि विषय संपवला. दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीकडे दर मागितला, तेव्हा तिथल्या एजंटबाईंनी विचारलं, "तुमचा पाण्याचा क्लेम झालाय ना?" मी म्हटलं, झालाच नाही. त्यांच्या स्क्रीनवर मात्र तो होता. तारीख, कारण पाणी, दिलेली रक्कम शून्य. मिळालेला दर आमच्या अंदाजापेक्षा बराच वर होता.

तो शून्य विमा कंपन्यांच्या एका सामायिक नोंदवहीतून आला होता. त्याचा माग काढताना जे हाती लागलं ते इथे मांडते आहे. अमेरिकेत घर घेतलेल्या आणि घेऊ पाहणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे लिहिते आहे.

१. ही नोंदवही आहे कुठे?

तिचं नाव क्लू. लांब नाव कॉम्प्रिहेन्सिव्ह लॉस अंडररायटिंग एक्स्चेंज. लेक्सिसनेक्सिस रिस्क सोल्युशन्स ही कंपनी ती चालवते. घराचा किंवा गाडीचा क्लेम झाला की विमा कंपनी त्याची माहिती इथे पाठवते आणि नवं गिऱ्हाईक आलं की इथूनच त्याची माहिती काढते. नाव, जन्मतारीख, घराचा पत्ता, नुकसानीची तारीख आणि प्रकार, दिलेली रक्कम असं सगळं त्यात सात वर्षांपर्यंत राहतं. व्हेरिस्क या कंपनीची ए-प्लस नावाची अशीच दुसरी नोंदवही आहे.

क्रेडिट स्कोअर आपल्याला माहीत असतो. या देशात उतरल्यावर पहिल्या महिन्यातच कुणीतरी सांगतं, की एक कार्ड घे, वेळेवर भर, स्कोअर बनेल. क्लूबद्दल असं सांगणारं कुणी भेटत नाही. बहुतेकांना या नोंदवहीचा पत्ता लागतो तो दर वाढल्यावर किंवा नकार आल्यावरच.

आणि ही माहिती ठेवणारे कायम सावध असतात असंही नाही. ही नोंदवही आधी चॉइसपॉइंट या कंपनीकडे होती. २००५ साली याच कंपनीकडची १ लाख ६३ हजार लोकांची खाजगी माहिती ठगांच्या हाती गेल्याचं उघड झालं. २००६ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला १ कोटी डॉलरचा दंड केला, शिवाय नुकसानभरपाईसाठी ५० लाख वेगळे भरायला लावले.

२. पाइप एक, भुर्दंड दोघांना

क्लूमधला शोध दोन दोऱ्यांनी होतो, माणसाच्या नावाने आणि घराच्या पत्त्याने. समजा, एका कुटुंबाच्या घरात थंडीत पाइप फुटला, क्लेम झाला, पैसे मिळाले, नवा पाइप बसला. पुढच्या वर्षी त्यांनी घर विकलं. ते नव्या गावात नव्या घराचा विमा मागतात, तेव्हा हा क्लेम त्यांच्या नावाने वर येतो. जुन्या घरात आलेलं कुटुंब विमा मागतं, तेव्हा तोच क्लेम पत्त्याच्या नावाने वर येतो. पहिल्या कुटुंबाच्या नव्या घरात तो पाइपच नाही. दुसऱ्या कुटुंबाने तो फुटताना पाहिलेलाही नाही.

जोखीम घराची की माणसाची, हे ठरवायला हवं. जुनाट गॅल्व्हनाइज्ड पाइप ही घराची जोखीम आहे. थंडीत हीटिंग बंद करून महिनाभर भारतात जाणं ही माणसाची. नुकसानीचं कारण नीट लिहिलं तर दोन्ही वेगळ्या करता येतात. "पाणी" एवढ्या एका शब्दात दोन्ही एकत्र कोंबली की कुणावर तरी अन्याय होणारच.

३. विचारणं म्हणजे मागणं नव्हे

नुसती चौकशी क्लूमध्ये जाऊ नये असा नियम आहे. पण फोन उचलणाऱ्याने नुकसानीची तारीख लिहून घेतली, फाइलला नंबर दिला आणि नंतर ती "पैसे न देता बंद" केली, की ती चौकशी राहत नाही. ती शून्य रकमेचा क्लेम होते. विचारणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. फोनवर "तुमच्या सेवेसाठी हे संभाषण रेकॉर्ड होत आहे" असं ऐकू येतं, पण "आता मी तुमच्या नावाने क्लेम उघडतो आहे, चालेल का?" हा प्रश्न मला कुणी विचारला नाही.

टेक्सासच्या विमा कायद्यात चौकशी आणि क्लेम यांत स्पष्ट फरक केलेला आहे, आणि केवळ चौकशी केली म्हणून विमा नाकारता येत नाही. असा फरक प्रत्येक राज्यात हवा. आपली पॉलिसी आपण वाचतो, समजली नाही तर विचारतो, यात गैर काय? प्रश्न विचारायलाच माणूस घाबरू लागला तर त्याला पॉलिसी कळणार कशी?

ही भीती आपल्या लोकांत आता मुरली आहे. गणपतीला किंवा दिवाळीला चार घरं जमली आणि बेसमेंटच्या पाण्याचा विषय निघाला, की कुणीतरी वडीलधाऱ्याच्या सुरात सांगतंच, "क्लेम करू नको, हप्ता वाढेल." मग ओलं ड्रायवॉल पंखा लावून सुकवायचं, वरून रंग मारायचा. आत बुरशी धरते. लहान मुलं त्याच बेसमेंटमध्ये खेळतात. लहान नुकसानीची वेळेवर नीट दुरुस्ती होणं हे घराच्या हिताचं आहे, शेजाऱ्याच्या हिताचं आहे आणि खुद्द विमा कंपनीच्याही हिताचं आहे. या नोंदवहीच्या धाकाने नेमकं उलटं घडतं.

४. दुरुस्तीचा रकाना

माझा मुख्य मुद्दा हाच आहे. क्लूच्या अहवालात नुकसानीची तारीख असते, प्रकार असतो, रक्कम असते. पण पुढे काय झालं, प्लंबरने काय बदललं, छप्पर नवं घातलं का, तपासणी झाली का, यासाठी तिथे रकाना नाही. फुटलेला पाइप सात वर्षं दिसत राहतो. त्याच्या जागी आलेला नवा पाइप एक दिवसही दिसत नाही.

छपराचंच घ्या. गारपिटीनंतर कंपनीने पैसे दिले आणि घरावर कोरं छप्पर आलं. शेजारच्या घराला त्याच गारा लागल्या, पण त्यांनी क्लेम केला नाही आणि जुनं, पिचलेलं छप्पर तसंच ठेवलं. पुढच्या वादळात कुठलं घर गळेल हे शाळकरी पोरही सांगेल. नोंदवहीत मात्र डाग आहे तो नव्या छपराच्या घरावर. जोखीम मोजण्यासाठी ठेवलेली वही जर कमी जोखमीच्या घराला अधिक धोक्याचं ठरवत असेल, तर ती विम्याच्या शास्त्राच्या हिशेबानेही चुकीची आहे.

पाण्याबद्दल कंपन्या इतक्या धास्तावलेल्या का, याला इतिहास आहे. २००१ मध्ये टेक्सासमधल्या एका ज्युरीने बुरशीने भरलेल्या एका घराच्या खटल्यात विमा कंपनीविरुद्ध सुमारे ३ कोटी २० लाख डॉलरचा निवाडा दिला. पुढे अपिलात रक्कम बरीच खाली आली, पण तोवर बुरशीच्या क्लेमची लाट उठली होती. कंपन्यांनी पाण्याचा उल्लेख असलेली घरंच टाळायला सुरुवात केली. त्यावर टेक्सासने जो उपाय काढला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. बुरशी नीट काढून टाकल्याचं प्रमाणपत्र घरमालकाकडे असेल, तर त्या जुन्या बुरशीवर बोट ठेवून कंपनीला विमा नाकारता येत नाही. घरातल्या उपकरणातून पाणी गळल्याचा क्लेम असेल आणि दुरुस्ती होऊन तपासणीही झाली असेल, तर त्यालाही असंच संरक्षण आहे. वारंवार क्लेम करणाऱ्यासाठी अपवाद ठेवला आहे, आणि तो योग्यच आहे. दुरुस्तीला कायद्यात मोल देता येतं, हे तिथे दिसलं. मग वहीत एक रकाना वाढवायला काय अडचण आहे?

५. कंपन्यांची बाजू

त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. ज्याने आधी क्लेम केले तो पुढेही करण्याची शक्यता अधिक, असं त्या म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. सामायिक नोंद नसती, तर दर दोन वर्षांनी "चोरी" दाखवून कंपनी बदलणाऱ्याचा भार तुमच्याआमच्या हप्त्यावर पडला असता. खरेदीदारालाही या नोंदीचा उपयोग आहे. विकणाऱ्याने रंग मारून लपवलेली गळती कधी कधी हाच अहवाल उघडी पाडतो. म्हणून वही बंद करा अशी माझी मागणी नाही. ती पूर्ण असावी, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला आधी दिसावी, एवढंच म्हणते आहे.

६. फटका बसतो तो नेमक्या अडचणीच्या वेळी

विम्याशिवाय बँक कर्ज देत नाही. क्लोजिंगला दहा दिवस उरलेले असतात, जुन्या भाड्याच्या घराची नोटीस देऊन झालेली असते, मूव्हर्सना आगाऊ पैसे दिलेले असतात, आणि तेव्हा कळतं की या पत्त्यावर दोन पाण्याचे क्लेम आहेत. त्या घाईत माणूस मिळेल त्या दराने पॉलिसी घेतो. आधीच घरात राहणाऱ्याची पॉलिसी रद्द झाली आणि दुसरी मिळाली नाही, तर कर्ज देणारी बँक स्वतःच विमा घेऊन त्याचा खर्च कर्जदारावर टाकते. तो विमा महाग असतो आणि बहुधा बँकेच्या पैशांपुरताच.

खरेदीदाराला विक्रेत्याच्या घराचा अहवाल स्वतः मागवता येत नाही. तो मालकच मागवू शकतो. न्यू जर्सीत करारावर सह्या झाल्या की वकिलाने तो तपासायला कामाचे तीन दिवस मिळतात. विक्रेत्याकडून क्लू अहवाल मागण्याची जागा तीच. आपल्या वकिलाला हे आवर्जून सांगा. होम इन्स्पेक्शनवर आपण शेकडो डॉलर घालतो, हा कागद त्याच्याइतकाच मोलाचा आहे.

राज्याने मनात आणलं तर काय होतं हेही इथे पाहिलं आहे. २०१२ चं सँडी आणि २०२१ चं आयडा या दोन वादळांनी न्यू जर्सीतली घरंच्या घरं पाण्याखाली गेली. २०२३ मध्ये राज्याने कायदा केला, आणि मार्च २०२४ पासून घर विकणाऱ्याला पुराचा इतिहास लिहून द्यावा लागतो. पुराचा विमा नेहमीच्या घरविम्यात येत नाही, त्याचा हिशेब वेगळा. पण त्याच फॉर्मला क्लू अहवालाचं एक पान जोडायला सांगणं सरकारला जड नाही.

७. आज हातात काय आहे

फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट हा १९७० चा कायदा क्लूलाही लागू आहे. वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट मागवता येतो. अहवालामुळे नकार आला किंवा दर वाढला, तर कंपनीने तसं कळवायचं असतं, माहिती कुणाकडून आली तेही सांगायचं असतं, आणि मग साठ दिवसांच्या आत मागितला तर अहवाल पुन्हा फुकट मिळतो. चूक दाखवली तर साधारण तीस दिवसांत चौकशी करणं त्यांना बंधनकारक आहे. तरीही वाद मिटला नाही, तर आपलं छोटं निवेदन नोंदीला जोडता येतं. मी जोडलं आहे. होज बदलल्याची पावती, तारीख आणि क्लेम मागितलाच नव्हता हे वाक्य. कुठल्या कंपनीत ते कुणी वाचतं का, हे कळायला मार्ग नाही, कारण वाचण्याची सक्ती कुणावर नाही.

म्हणून आजची सवय अशी ठेवा. कंपनीशी बोलताना आधीच स्पष्ट म्हणा, "मी फक्त चौकशी करते आहे, क्लेम उघडू नका," आणि तेच ईमेलने लिहून पाठवा. दुरुस्तीच्या पावत्या आणि फोटो एका फाइलमध्ये ठेवा. घर शोधायला लागण्याआधी स्वतःच्या नावाचा अहवाल मागवा.

८. मागण्या कुणाकडे करायच्या

या देशात विम्याचं नियमन राज्यांकडे आहे. १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने ते पक्कं केलं. म्हणजे दार वॉशिंग्टनचं ठोठावायचं नाही, आपल्या राज्याच्या राजधानीचं, ट्रेंटनचं ठोठावायचं. न्यू जर्सीत चाळीस मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून एक सिनेटर व दोन असेंब्ली सदस्य निवडून जातात. एडिसनपासून प्लेन्सबरोपर्यंत आपली इतकी घरं आहेत, की या प्रतिनिधींना आपलं पत्र अनोळखी वाटायचं कारण नाही. पत्रात चार गोष्टी असाव्यात. घरमालकाच्या स्पष्ट होकाराशिवाय क्लेम उघडायचा नाही. शून्य रकमेची नोंद दरासाठी किंवा नकारासाठी वापरायची नाही. दुरुस्तीचा पुरावा दिला तर तो नोंदीत लिहायचा आणि कंपनीने तो विचारात घ्यायचा. घर विकताना मालकाने अहवाल खरेदीदाराला द्यायचा.

आपल्या मंडळांत करसल्ल्याचे आणि कॉलेजप्रवेशाचे कार्यक्रम होतात, तसा एखाद्या रविवारी याचाही ठेवता येईल. लोकांनी आपापले अहवाल आधी मागवून घेऊन यावं, तिथेच एकमेकांच्या मदतीने वाचावेत, तिथेच पत्रं लिहावीत. माझं पत्र गेल्या आठवड्यात गेलं. सोबत अहवालाचं ते एकच पान जोडलं, शून्याभोवती पेनाने गोल करून, आणि त्यामागे प्लंबरची पावती.