आस का मोडतो? व्हर्सायची आगगाडी आणि लाँगबोर्ड

१/८
लाँगबोर्डच्या आसासाठी पोलाद निवडताना पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : सर्वांत कठीण पोलाद कोणते? एकोणिसाव्या शतकातील रेल्वेचा इतिहास पाहिला, तर हा प्रश्न पहिला असता कामा नये.

२/८
८ मे १८४२. राजा लुई-फिलिपच्या सन्मानार्थ व्हर्सायला झालेला उत्सव पाहून लोक पॅरिसला परतत होते. म्यूदोंजवळ पुढच्या इंजिनाचा आस मोडला. डबे एकमेकांवर चढले आणि पेटले. दारे कुलूपबंद होती. पन्नासाहून अधिक प्रवासी दगावले. अंटार्क्टिकाच्या सफरीतून सुखरूप परतलेला द्युमाँ द'उर्व्हिल पत्नी व मुलासह त्यांत होता.

३/८
तेव्हाचे आस घडीव लोखंडाचे असत. मोडलेल्या भागी चकाकणारे कण दिसत. त्यावरून सततच्या हादऱ्यांनी तंतुमय लोखंड ‘स्फटिकमय’ होते, असे अनेक अभियंते मानू लागले. हे स्पष्टीकरण सोयीचेही होते. दोष धातूच्या स्वभावावर ढकलला, की आराखडा निर्दोष ठरतो.

४/८
१८४३ मध्ये विशीतल्या विल्यम रँकिनने मोडलेले आस बारकाईने पाहिले. जाड भाग जिथे एकदम बारीक होतो, त्या काटकोनी खाचेत तडा उगवतो आणि हळूहळू आत सरकतो, असे त्याने दाखवले. उपाय साधा होता : तो कोपरा गोलाईदार करा.

५/८
पुढे प्रशियन रेल्वेतील आउगुस्ट व्योलरने भार दिलेले आस यंत्रावर लक्षावधी वेळा फिरवले. प्रत्येक फेऱ्यात धातूचा तोच भाग ताणला जाई, तोच दाबला जाई. एका झटक्यात आस मोडायला लागतो त्याहून कितीतरी कमी भारही पुन्हापुन्हा पडला, तर आस मोडतो, हे १८७० पर्यंत सिद्ध झाले. धातूच्या या अवस्थेला आज ‘थकवा’ म्हणतात.

६/८
लाँगबोर्डचा आस स्वतः फिरत नाही, चाक फिरते. तरी प्रत्येक खड्ड्यागणिक तो वाकतो आणि सरळ होतो. हँगरमधून तो जिथे बाहेर येतो ती जागा आणि टोकाचे आटे, या रँकिनच्या खाचाच होत.

७/८
पोलादाची प्रत गौण आहे, असा याचा अर्थ नव्हे. मात्र पोलाद जितके कठीण, तितके ते ओरखड्याला व खाचेला अधिक हळवे असते. म्हणून आधी आकार, मग पृष्ठभागाची सफाई, त्यानंतर पुरेसे बळकट आणि तरीही चिवट पोलाद, हाच क्रम योग्य.

८/८
व्हर्सायच्या मृतांचे ऋण रँकिनच्या निरीक्षणाने आणि व्योलरच्या चिकाटीने काही अंशी फेडले. केवळ कठीणपणाचा आकडा पाहून आस विकत घेणे म्हणजे तो धडा विसरणे होय.