सोनेरी आकडा

विज्ञान-प्रदर्शनात आपण मांडतो ते काय, केलेले काम की त्या कामाविषयीचे भाषण, असा प्रश्न आम्हांस यंदा पडला. तो पडण्यास आमचीच फजिती कारणीभूत झाली, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

शाळेच्या कौलारू छपरावर पडणारे पावसाचे पाणी साठविण्याची योजना आम्ही चौघांनी आखली होती. थर्माकोलची इमारत, पुठ्ठ्याची कौले, शेजारी निळी टाकी आणि मागच्या फलकावर सोनेरी रंगात '२,२२,००० लिटर!' असा आकडा. त्यापुढील उद्गारचिन्ह तर टाकीहून उंच होते. एकाने निवेदन तोंडपाठ केले होते; उरलेले तिघे हात मागे बांधून उभे होते. पाण्याच्या महतीपासून सुरू झालेली त्याची वाणी अस्खलित वाहत असता परीक्षकांनी शांतपणे विचारले, "बाळांनो, एवढे पाणी ठेवणार कोठे?" त्याने टाकीकडे बोट दाखविले. "तिच्यात किती मावेल?" पाच हजार लिटर, असे आमच्यापैकी कोणीतरी पुटपुटले. "मग उरलेले?" ह्या 'उरलेले'चे उत्तर पाठांतरात नव्हते. निवेदक क्षणभर थांबला आणि बिचाऱ्याने पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. सभोवती हशा पिकला, हे सांगणे नकोच.

घरी परतताना आम्ही परीक्षकांवर रागावलो होतो. दुसऱ्या दिवशी वही उघडून बसलो, तेव्हा राग कोणावर धरावा ते कळेना. आकडा आमचा होता आणि तो चुकीचा होता.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. हा हिशेब इतका सोपा आहे की त्यात चूक होणार नाही, असे आम्हांस वाटले होते. बेळगावचा वार्षिक पाऊस आम्ही स्थूलमानाने १२०० मिलिमीटर धरला होता. पण छपराचे माप घेताना आम्ही उतरत्या कौलांवरून दोरी लावली आणि १८५ चौरस मीटर लिहून मोकळे झालो. पाऊस उतार मोजत नाही. सूर्य अगदी माथ्यावर असताना छपराची जेवढी सावली जमिनीवर पडेल, तेवढ्याच जागेवरचा पाऊस छपराला मिळतो. आमच्या छपराची ती जागा २० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, म्हणजे १६० चौरस मीटर भरली. त्यातून कौलांत मुरणारे, उडून जाणारे, पन्हळीबाहेर सांडणारे असा पाचवा हिस्सा वजा केला, तेव्हा २,२२,०००चे १,५३,६०० लिटर झाले. सोनेरी रंगाच्या अडुसष्ट हजार लिटरांहून अधिक पाणी मुळात नव्हतेच!

पुढचा हिशेब अधिक बोचरा निघाला. तीनशे मुले, प्रत्येकी दोन लिटर, म्हणजे दिवसाला ६०० लिटर. पाच हजारांची टाकी आठ दिवसांत रिकामी. पाऊस पडतो मुख्यतः जून ते सप्टेंबर, आणि पाण्याची ओढ लागते ती उन्हाळा जवळ आल्यावर. जानेवारी ते मार्च ह्या काळात शाळेचे सत्तर दिवस धरले, तर ४२,००० लिटर लागतील. ते साठविण्यास चार मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी एक खोलीच हवी. आमची निळी टाकी आषाढात भरून वाहिली असती आणि फाल्गुनात कोरडी पडली असती. 'शाळेची पाणीटंचाई दूर' हे फलकावरील वाक्य आम्ही स्वतःच्या हाताने पुसले.

म्हणून योजना बदलली. लहान टाकी हात-पाय आणि भांडी धुण्यापुरती ठेवली. पहिल्या सरींचे गढूळ पाणी बाहेर सोडून, उरलेले मोठे गोटे, खडी आणि वाळू ह्यांच्या थरांतून गाळून शाळेच्या जुन्या विहिरीजवळच्या खड्ड्यात मुरवावे, असे ठरले. ही योजना पहिलीइतकी चमकदार नाही. विहिरीला त्यामुळे किती पाणी वाढेल तेही आम्ही सांगू शकत नाही. तेथे आता आकडा लिहिलेला नाही.

आपल्या गावात टिळकवाडीला 'काँग्रेस विहीर' आहे. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे जे अधिवेशन भरले, त्याच्या पाण्यासाठी ती खणली गेली. आम्ही ती पूर्वी अनेकदा पाहिली होती. यंदा हिशेबाच्या डोळ्यांनी पाहिली. माणसे किती येणार आणि त्यांना पाणी किती लागणार, हे प्रश्न तेथे मंडपाच्या सजावटीआधी विचारले गेले असले पाहिजेत. आम्ही आधी सजावट केली आणि मग परीक्षकांनी विचारीपर्यंत थांबलो.

आता मतभेदाचा मुद्दा. नव्या फलकावर जुना आकडा ठेवावा की नाही, ह्यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला. चूक दाखविली तर गुण जातील, असे एकाचे म्हणणे. आणि ते अगदीच खोटे नाही, कारण चकचकीत प्रतिकृतीपुढेच गर्दी जमते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तरीही २,२२,००० हा आकडा आम्ही खोडून, पण वाचता येईल असा ठेवला आणि शेजारी कारण लिहिले. आमचे म्हणणे असे की, जेथे आपण फसलो तेथेच पाहणाराही फसण्याचा संभव असतो. ती जागा झाकून ठेवणारे निवेदन कितीही गोड असले, तरी ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. पाठांतराविषयीही आमचे मत आता पक्के झाले आहे. चौघांनी काम केले असेल तर चौघांनाही बोलता आले पाहिजे. ज्याने दोरी धरली त्याने मापाविषयी बोलावे, मग तो अडखळला तरी चालेल.

थर्माकोल ह्या वेळी नाही. १:५० प्रमाणात काढलेला आराखडा आहे. त्यात छप्पर ४० सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर रुंद येते, आणि नळ दाराएवढा जाड दिसत नाही, जसा तो प्रतिकृतीत दिसत होता.

नव्या निवेदनाची तालीम आम्ही सहावीच्या मुलांपुढे केली. दाराशी शिपाईमामा उभे होते. अर्धे मराठीत, अर्धे कन्नडमध्ये त्यांनाही समजावून सांगितले. ते सारे ऐकून घेऊन म्हणाले, "पण पन्हळीत चिंचेचा पाला साचतो त्याचं काय? दर पावसाळ्यात शिडी लावून मीच काढतो की." छपरावर वर्षानुवर्षे चढणाऱ्या एकमेव माणसाला आम्ही दोन्ही वेळा काहीच विचारले नव्हते. त्याच संध्याकाळी त्यांच्याबरोबर शिडीजवळ जाऊन पन्हळ पाहिली. जाळी कोठे बसवावी, ती त्यांच्या हाताला लागेल इतकी खाली कशी आणावी, हे त्यांनीच दाखविले. आराखड्यावर ती जाळी आता तांबड्या शाईने काढली आहे.