सीएची फी देता, मग समुपदेशकाची का नाही?



जीएसटीचं रिटर्न जमत नाही म्हणून आपण सीएकडे जातो. त्यात कुणाला लाज वाटत नाही. मशीन आवाज करायला लागलं की लगेच मेकॅनिकला फोन लावतो. पण ज्या डोक्यावर सगळा धंदा चालतो, ते रात्री दोन वाजताही थांबायचं नाव घेत नसेल, तर आपण काय करतो? चहा वाढवतो. नाहीतर अजून एक मोटिवेशनल व्हिडिओ बघतो.

मी स्वतः व्हिडिओ बनवतो, तरी स्पष्ट सांगतो: व्हिडिओ हा चिंतेवरचा इलाज नाही.

धंदा म्हटला की काळजी आलीच. बँकेचा हप्ता, अडकलेलं पेमेंट, 20 तारखेचं रिटर्न. ही काळजी आपल्याकडून काम करून घेते आणि काम झालं की उतरते. पण काम झाल्यावरही धडधड थांबत नाही, झोप लागत नाही, बँकेचा मेसेज उघडायची भीती वाटते, वसुलीचा फोन रोज उद्यावर जातो, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर तो आळस नाही. ‘धंदा आपलं काम नाही’ असंही नाही. ही अँक्झायटी असू शकते, आणि तिच्यावर उपचार आहेत.

ती धंदा कसा पोखरते बघा. फोन टाळला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. म्हणून आपण पुन्हा टाळतो. उधारी वाढत जाते आणि मग घाबरायला खरंच कारण तयार होतं.

थेरपी हेच चक्र तोडायला शिकवते. तिथे नुसत्या गप्पा असतात, हा गैरसमज आहे. सीबीटी ही पद्धत 1960 च्या दशकात अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आरोन बेक यांनी मांडली. समजा, तुमच्या मनात पक्कं बसलंय, ‘पैसे मागितले तर गिऱ्हाईक तुटेल.’ समुपदेशक ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणत नाही. तो विचार कागदावर लिहायला लावतो आणि विचारतो, आजवर पैसे मागितल्यामुळे किती गिऱ्हाइकं तुटली? मग छोट्या पायऱ्या ठरतात. आधी एका जुन्या गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर बिल. मग लहान रकमेसाठी फोन. मग मोठी पार्टी. प्रत्येक वेळी लिहायचं: काय होईल असं वाटलं होतं आणि काय झालं. नवीन माल आपण आधी थोडा बाजारात टाकून बघतो ना, तसंच.

याला साधारण 12 ते 15 सेशन लागू शकतात. थेरपी तुमचा हप्ता भरणार नाही, हेही खरं. पण हप्ता थकलाय हे बँकेत जाऊन वेळेत सांगण्याची हिंमत त्यातून येऊ शकते. त्याची किंमत धंदेवाल्याला वेगळी सांगायला नको.

‘परवडत नाही’ म्हणाल, तर केंद्र सरकारची टेली मानस सेवा 2022 पासून सुरू आहे. नंबर 14416. फोन मोफत, 24 तास, मराठीतही बोलता येतं. छातीत दुखत असेल, धडधड होत असेल, तर आधी डॉक्टरकडून हृदय आणि थायरॉइड तपासून घ्या. गोळ्या लागल्या तर त्या डॉक्टरच देतील, मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका. आणि जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका, आत्ताच फोन करा आणि घरच्यांना सांगा.

या आठवड्याचा गृहपाठ: तुम्ही टाळत असलेली तीन कामं लिहा. प्रत्येकासमोर कशाची भीती वाटते ते लिहा. त्यातलं सर्वात सोपं काम उद्या दुकान उघडल्यावर पहिलं करा. नाहीच झालं, तर तो कागद घेऊन समुपदेशकाकडे जा. पहिल्या सेशनची तुमची तयारी झालेली असेल.