जुनं ते सोनं, पण ब्रेक कुठाय?

'जुन्या मशिनला तोड नाही हो!' १९५९ साली आलेली श्टीलची 'कॉन्ट्रा' चेनसॉ दुरुस्त करणाऱ्यांचं हे पालुपद. मान्य! कार्बुरेटर साफ करा, कडक झालेल्या पेट्रोलच्या नळ्या बदला, १२ किलोचं धूड पुन्हा गुरगुरेलही. पण तिला चेन ब्रेक नाही, त्याचं काय? तो १९७०च्या दशकात आला. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की करवत उसळून थेट तोंडावर येते. ब्रेक साखळी क्षणात थांबवतो. आपण 'अरे' म्हणेपर्यंत खेळ खलास. 'सावध राहिलं की झालं' हे काय लॉजिक? इथे कंट्रोल-झेड नसतं राव! दुरुस्त करा, चालू करा, मिरवा. लाकूड कापायला मात्र ब्रेकवालीच घ्या.