काट्यामागचा माणूस

फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन लेखकाच्या 'ड्यून' या विज्ञान कादंबरीच्या शेवटी काही पानांचा शब्दार्थकोश आहे. कादंबरी 1965 ची, कथा हजारो वर्षांनंतरच्या काळातली आणि घडते एका वाळवंटी ग्रहावर. पण तो कोश उघडला की आपल्याच घरात आल्यासारखे वाटते. हज आहे, रमजान आहे, इल्म आहे, फिकह आहे, महदी आहे. उघड्या वाळवंटात अंगावर घ्यायचा बुर्का आहे. 'इस्तिस्लाह' हा शब्दसुद्धा आहे, जो आपल्यात मदरशात शिकलेल्यांखेरीज फारसा कुणाच्या कानावरून गेलेला नसतो. त्या ग्रहावर राहणाऱ्या फ्रेमेन लोकांचे दीन आणि जगण्याचे व्यवहार एकत्र सांगणारे जे पुस्तक आहे, त्याचे नाव 'किताब अल्-इबर'. इब्न खलदून यांच्या इतिहासग्रंथाचे नावही तेच. नायकाला हे लोक मुअद्दिब म्हणतात. कादंबरीत ते एका वाळवंटी उंदराचे नाव आहे. अरबीत मुअद्दिब म्हणजे अदब शिकवणारा, शिक्षक. शिक्षकाचा उंदीर केला म्हणून शिक्षकी पेशातल्या आमची काही तक्रार नाही.

विज्ञान कादंबऱ्या म्हणजे पोरांचे खूळ, असे ज्या वडीलधाऱ्यांना वाटते त्यांनी हे पान उलटले तरी आम्ही रागावणार नाही. पण घरातल्या पोरांनी गेल्या दोन-चार वर्षांत 'ड्यून'चे सिनेमे मोबाईलवर पाहिले असतील, तर हा विषय घरात शिरलेलाच आहे.

आमच्याकडे तो शिरला दौंडमार्गे. घरात दखनी, शाळेत मराठी आणि वाचनालयात मिळेल ते, अशा शिरूरमध्ये आम्ही वाढलो. जयंत नारळीकरांच्या कथा तिथेच वाचल्या. 'ड्यून'ची जुनी प्रत मात्र आमच्या खालाच्या मुलाने, म्हणजे रेल्वेत नोकरीला असलेल्या आमच्या भाईजाननी, पुण्यात फुटपाथवर घेतली. दौंड ते शिरूर ती प्रत पाटस, चौफुला, न्हावरा करीत एसटीने कितीदा आली-गेली याचा हिशेब नाही. कधी आम्ही नेली, कधी ईदला येताना त्यांनी आणली. इंग्रजी आम्हा दोघांचे बेताचे. पण अमेरिकन वाचकाला जे शब्द मागच्या कोशात शोधावे लागत असतील, ते आम्हाला आधीच येत होते. हे सुख आम्हाला इंग्रजी पुस्तकाने पहिल्यांदाच दिले.

दुसरी ओळख पाण्याची. फ्रेमेन थेंबाथेंबाचा हिशेब ठेवतात. शरीरातून निघणारा घाम, श्वासातला ओलावा परत पिण्याजोगा करणारा पोशाख घालतात. शिरूरच्या काही गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. दौंडकडे खडकवासल्याच्या कालव्याला पाणी कधी सुटणार, यावर सगळे गाव बोलत असते. कादंबरीत फ्रेमेनांचा एक सरदार सरळ राजापुढे थुंकतो. सगळे तलवारी उपसायच्या बेतात असतात, तेव्हा कळते की अंगातले पाणी अर्पण करणे हा त्यांच्यातला सर्वांत मोठा आदर आहे. भाईजान म्हणायचे, असा आदर तर दौंड जंक्शनवर रोज पायाखाली येतो.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या शब्दार्थकोशात 'बटलेरियन जिहाद' अशी एक नोंद आहे. कथेच्या हजारो वर्षे आधी माणसांनी विचार करणाऱ्या यंत्रांविरुद्ध उठाव केला. गिल्डपूर्व 201 मध्ये तो सुरू झाला आणि 108 मध्ये संपला. माणसाच्या बुद्धीची नक्कल करणारे यंत्र बनवायचे नाही, हा त्याचा मुख्य दंडक. नोंद एवढीच. कादंबरीच्या सुरुवातीला एक वृद्ध धर्मगुरू स्त्री नायकाला याचे कारण थोडक्यात सांगते: माणसांनी आपला विचार यंत्रांवर सोपवला, मोकळे होऊ या आशेने, झाले असे की ज्यांच्या हाती यंत्रे होती त्या दुसऱ्या माणसांनी त्यांना गुलाम केले.

या दोन-चार ओळींवर आम्ही दोघांनी किती रात्री घालवल्या! जिहाद आणि जद्दोजहद एकाच धातूचे शब्द. तेव्हा हा लढा गुलाम झालेल्या माणसांचा असणार, त्यात तलवारीपेक्षा झगडणे जास्त असणार, यंत्र सोडून देण्याचा त्रास असणार, घराघरांत भांडणे झाली असणार. कुणाचा बाप यंत्राच्या बाजूचा, कुणाचा मुलगा विरोधातला. त्र्याण्णव वर्षे चाललेला लढा म्हणजे तीन-चार पिढ्या. हर्बर्ट यांनी काही शब्द लेस्ली ब्लांच यांच्या 1960 च्या पुस्तकातून उचलले होते; ते पुस्तक रशियाच्या झारशी पंचवीस वर्षे लढलेल्या इमाम शामिल यांच्यावर आहे. ज्याने इतके वाचून लिहिले, तो हा इतिहासही कधीतरी लिहील, असे वाटायचे. पण हर्बर्ट 1986 मध्ये गेले, आणि नोंद नोंदच राहिली.

मग त्यांचे चिरंजीव ब्रायन हर्बर्ट आणि केविन अँडरसन यांनी वडिलांच्या टिपणांचा आधार घेऊन आधीच्या काळाच्या कथा लिहायला घेतल्याचे कळले. 1999 पासून तीन कादंबऱ्या आल्या, त्या नायकाच्या बाप-आज्यांच्या. आम्ही वाट पाहत होतो ती पुढच्या पुस्तकाची. ते 2002 मध्ये आले: 'ड्यून: द बटलेरियन जिहाद'.

2002 साल कसे होते, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांना वर्ष झाले होते, गुजरात ताजे होते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तो शब्द ठळक अक्षरांत. दाढी ठेवलेला माणूस ते पुस्तक एसटीत उघडून बसला, तर शेजारचा प्रवासी ही विज्ञान कादंबरी आहे की नाही याची चौकशी करणार नाही. आम्ही वर्तमानपत्राचे कव्हर घातले, शाळेच्या वह्यांना घालतात तसे, आणि मगच ते पिशवीत टाकले. निम्मे-निम्मे पैसे घालून घेतलेले पुस्तक, लपवून आणलेले, सतरा-अठरा वर्षांच्या उत्सुकतेचे.

आणि आत काय? ओम्नियस नावाचा एक महासंगणक आणि त्याचे यंत्रमानव यांची माणसांशी लढाई. इरॅस्मस नावाचा यंत्रमानव माणसांना कापून त्यांचा अभ्यास करतो. सेरेना बटलर या तरुणीचे लहान मूल तो उंचावरून खाली फेकतो, आणि त्या मुलाच्या खुनावरून त्र्याण्णव वर्षांचे युद्ध पेटते. पाठलाग, स्फोट, जहाजे, पुन्हा स्फोट. सहाशेच्या वर पाने. प्रकरणे इतकी तोकडी की एका पात्राशी ओळख होईपर्यंत दुसऱ्या ग्रहावर जावे लागते. आधी सत्ता बळकावणारी माणसेच होती, नंतर ती यंत्रांच्या हाती गेली, असा एक धागा त्यात आहे, हे मान्य केले पाहिजे. पण तो पार्श्वभूमीला ठेवला आहे. पुढे उभा आहे तो दुष्ट यंत्रमानव, ज्याला मारले की प्रश्न सुटतो.

आमच्या निराशेचे मूळ इथे आहे. ऊस पिकवणाऱ्या तालुक्यांत राहणाऱ्यांना 'काटा मारणे' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आमचे मामू ऊस घालायचे. पूर्वीचा काटा जाऊन इलेक्ट्रॉनिक काटा आला, आकडे लाल दिव्यांत दिसू लागले, तेव्हा बैलगाडीवाल्यांना वाटले की आता लबाडी संपली. मामू म्हणाले, काटा कधीच मारत नव्हता, काट्यामागचा माणूस मारत होता. तो अजून तिथेच बसलाय, फक्त आता आकड्याशी भांडता येत नाही. मामूंनी हर्बर्ट वाचलेले नव्हते. पण त्या वृद्ध धर्मगुरू स्त्रीने जे सांगितले, ते हेच. मूळ पुस्तकाने बोट माणसाकडे दाखवले होते, पूर्वकथेने ते काट्याकडे वळवले. मोबाईलवर दोन मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपच्या वसुलीच्या फोनने ज्यांच्या घराची झोप उडवली, त्यांनी सांगावे की धमकी ॲप देते की माणूस.

दुसरे दुखणे आपल्या शब्दांचे. मूळ कादंबरीत फ्रेमेनांचे पूर्वज म्हणजे झेनसुन्नी भटके. ग्रहामागून ग्रह त्यांना सोडावा लागला. हजपासून आपल्याला रोखले, ही कळ ते पिढ्यान्पिढ्या जपतात. हे वाचताना हिजरत, फाळणी, कोकणातून मुंबईला, मराठवाड्यातून पुण्याला आलेली कुटुंबे, काय काय आठवायचे. पूर्वकथेत हे लोक येतात ते गुलाम म्हणून. यंत्रांविरुद्धच्या लढ्यात उतरायला त्यांनी नकार दिला, म्हणून 'स्वतंत्र' माणसांनी त्यांना गुलाम केले, असे कारण दिले आहे. लेखकांची सहानुभूती गुलामांकडे आहे, यात शंका नाही. पण माणसे घडवताना हात आखडला. झेनशिया असेल तो रागीट, बंडखोर, जाळपोळ करणारा. झेनसुन्नी असेल तो सोशिक, दुआ करत बसलेला. टीव्हीच्या बातम्यांत आपल्याला जे दोन साचे मिळतात, तेच अंतराळात नेऊन बसवलेले.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे जिहादचा सर्वोच्च धर्माधिकारी म्हणून पुढे येणाऱ्या माणसाचे नाव. इब्लीस. इब्लीस गिंजो! माणूस कावेबाज दाखवायचा आहे म्हणून नाव मुद्दाम ठेवले, हे आम्हाला समजते. तरी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्या पानावर येऊन भाईजान जे हसायला लागले, ते भाभी पाणी घेऊन धावल्या. "मास्तर, लिखनेवाले ने किसी कू पूच्या बी नै क्या?" आमच्या मते हेच त्या पुस्तकाचे खरे परीक्षण. थोरल्या हर्बर्टांनीही शब्द उसनेच घेतले होते, त्यांचे अर्थ वाटेल तसे वळवले होते. वाळवंटातल्या भोळ्या लोकांना बाहेरचा गोरा तारणहार मिळतो, हा त्यांच्या कथेचा सांगाडाही आम्हाला टोचतो. पण त्यांनी पुढच्याच कादंबरीत, 1969 मध्ये, त्या तारणहाराच्या नावाने चाललेल्या युद्धात 61 अब्ज माणसे मेल्याचे त्याच्याच तोंडून मोजून घेतले. नेत्याच्या मागे डोळे मिटून जाणाऱ्यांना हा आकडा पुरेसा होता. चिरंजीवांच्या पुस्तकात असा एकही आकडा बोचत नाही.

पूर्वकथांचे हे असेच होते का? 'स्टार वॉर्स'च्या 1999 च्या पूर्वकथेत, ज्या गूढ शक्तीवर एक पिढी पोसली, ती रक्त तपासून मोजता येते असे निघाले. 'एलियन'ची पूर्वकथा 'प्रोमिथियस' 2012 मध्ये आली, आणि पहिल्या सिनेमातला तो अगडबंब, खुर्चीत दगड होऊन बसलेला अज्ञात जीव म्हणजे एका उंच टकल्या माणसाचा पोशाख ठरला. चाहत्यांची चूक एवढीच, की ज्या रिकाम्या जागेत त्यांनी वर्षानुवर्षे स्वतः काहीबाही रचले, तिथे कुणीतरी पक्के बांधकाम करावे असे त्यांनाच वाटत होते.

सिनेमांनी वेगळीच वाट काढली. 2021 च्या 'ड्यून'मध्ये जिहाद हा शब्दच नाही. त्याऐवजी पवित्र युद्ध अशा अर्थाचे इंग्रजी शब्द आहेत. काही वाचकांना यात दिलासा वाटेल. आम्हाला वाटला नाही. वर्तमानपत्राचे कव्हर आम्ही घातले होते, ते यांनीही घातले, एवढाच अर्थ. पुढे 2024 च्या नोव्हेंबरात 'ड्यून: प्रॉफेसी' ही मालिका आली. पुन्हा पूर्वकथा, मूळ कथेच्या दहा हजार वर्षे आधीची. भाईजानची धाकटी तब्बूसाठी ती बघायला बसली. तब्बूने काम नेहमीप्रमाणे जोरकस केले आहे, पण सहा भागांत तिच्या वाट्याला ते फारसे आलेले नाही, आणि कारस्थाने इतकी की कोण कुणाची बहीण हे तिला आम्हाला फोन करून विचारावे लागले. आम्हालाही सांगता आले नाही.

तिला आता पुस्तके वाचायची आहेत, कुठून सुरू करू म्हणते. काळाच्या क्रमाने लावली तर 'बटलेरियन जिहाद' पहिले येते. आम्ही तिला 1965 चे घ्यायला सांगितले आहे, आणि मागचा शब्दार्थकोश आधी चाळायला. त्यातले निम्मे शब्द तिला तिची दादी सांगू शकेल.

ती प्रत शिरूरला आमच्याकडे आहे, पाठीला चिकटपट्टी लावलेली. निम्म्या पैशांची 2002 ची प्रत दौंडलाच राहिली. भाईजाननी ती परत पाठवली नाही आणि आम्ही मागितलेली नाही.