ओएलईडी लॅपटॉपने डोळे वाचतात का?

बारावीनंतर मुलांसाठी लॅपटॉप घेताना भंडारा, तुमसर, साकोलीकडचे पालक विचारतात, "डॉक्टर, ओएलईडी स्क्रीन डोळ्यांना चांगली का?" माझे मत स्पष्ट आहे : केवळ डोळ्यांसाठी जास्त पैसे मोजू नका.

फायदे खरे आहेत. एलसीडी स्क्रीनच्या मागे दिवा असतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. त्यामुळे काळा रंग खरोखर काळा आणि बाकीचे रंग उठावदार दिसतात. फोटो-व्हिडिओच्या कामाला ती उत्तम.

तोटेही आहेत. उजेड कमी केला की बऱ्याच ओएलईडी स्क्रीन सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतात. ते नजरेला कळत नाही, पण काहींचे डोके दुखते. म्हणून रात्री खोलीत दिवा लावा, स्क्रीन फार मंद ठेवू नका. एकच चित्र दीर्घकाळ राहिल्यास त्याचा कायमचा डागही उमटू शकतो.

स्क्रीन कोणतीही असो, टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी २० फूट दूर २० सेकंद पाहा. धानाच्या चुकाऱ्याचे पैसे जपून वापरायचे असतील, तर आधी मुलाचे डोळे तपासून घ्या. नंबर असेल तर चष्मा करा. लॅपटॉप त्यानंतर.